विचारा, सांगतो : गाडी नसताना इंदुरात लग्नाचा वाढदिवस

प्रश्न : आमच्या लग्नाला यंदा 25 वर्षं होतात. मुलं म्हणतात गोव्याला जा, आम्हाला मात्र इंदूरला जायचं आहे, तेही खाण्यासाठी. धुळ्याहून बसने येऊ. दोन रात्री, तीन दिवस. गाडी नाही, आणि यांचा गुडघा दुखतो, त्यामुळे फार चालवत नाही. लॉज कुठे घ्यावा आणि कुठल्या भागात जेवावं, म्हणजे दिवसभर रिक्षा शोधत बसावं लागणार नाही?
– एक वाचक, धुळे

ताई, बहुतेक लोक आधी स्वस्त खोली पाहतात आणि मग तिथून खाण्याची ठिकाणं शोधतात. गाडी नसेल तर हा क्रम उलटा करा. तुमच्या कामाच्या जागा दोनच आहेत. जुन्या शहरात राजवाड्याला लागून सराफा, म्हणजे सराफकट्ट्यावरचा रात्रीचा खाऊबाजार, आणि न्यू पलासियात छप्पन दुकान, म्हणजे खाण्याच्या दुकानांची रांग. दोन्हींत साडेतीन-चार किलोमीटरचं अंतर आहे, म्हणजे कुठेही राहिलात तरी एका ठिकाणी रिक्षाने जावंच लागेल. रोज चालत जायचं ठिकाण कोणतं आणि एकदाच रिक्षाने जायचं कोणतं, एवढंच ठरवायचं आहे.

आमचं मत साउथ तुकोगंज किंवा न्यू पलासिया. साउथ तुकोगंजहून रेल्वे स्टेशन आणि छप्पन दुकान दोन्ही एक-दीड किलोमीटरच्या आत आहेत. आर.एन.टी. मार्गाच्या आसपास सगळ्या दरांची हॉटेलं आहेत, आणि बसून जेवायची रेस्टॉरंटंही तिथेच. राजवाड्याजवळचे लॉज सराफ्याला सोयीचे, पण गल्ल्यांत रात्री उशिरापर्यंत गोंगाट असतो आणि बऱ्याच जुन्या इमारतींत लिफ्ट नसते. तुमच्या घरच्यांचा गुडघा लक्षात घेता लॉजवाल्याला पहिला प्रश्न लिफ्टचाच विचारा.

खोली नक्की करण्याआधी नकाशात लॉज ते छप्पन दुकान असा रस्ता काढा आणि ‘पायी’ हा पर्याय निवडा. मध्ये ए.बी. रोड, म्हणजे शहरातून जाणारा वर्दळीचा आग्रा-मुंबई रस्ता, ओलांडावा लागत असेल तर दुसरी खोली बघा. नकाशात तो रस्ता चिमूटभर दिसतो, पण रात्री दहाला तो पायी ओलांडणं हे गुडघेदुखीवाल्याचं काम नाही. छप्पन दुकान या रस्त्याच्या पश्चिमेला आहे, म्हणून खोलीही पश्चिमेलाच घ्या.

बस कुठे थांबणार ते तिकीट काढतानाच विचारा. सरवटे बसस्थानकावर आलात तर स्टेशन शेजारीच आहे. खासगी बसगाड्या मात्र शहराच्या कडेला कुठेही उतरवतात, आणि पहाटे तिथून मध्य शहरात यायचं रिक्षाभाडं जरा जास्तच पडतं. भाडं बसण्याआधी ठरवा. ‘देख लेंगे भिया’ हे उत्तर भाडं म्हणून धरू नका.

आता जेवणांची वाटणी. वाढदिवसाचं रात्रीचं जेवण सराफ्यात ठेवू नका. तिथे बसायला जागा जवळपास नसते, हातात द्रोण घेऊन उभ्यानेच खायचं आणि मागचा माणूस पुढे ढकलत असतो. मजा आहे, पण 25 वर्षांच्या गप्पा तिथे होत नाहीत. ते जेवण लॉजपासून दहा मिनिटांच्या चालीवर, टेबलखुर्चीच्या रेस्टॉरंटात करा. सराफा आदल्या रात्री उरकून घ्या.

दुसरी चूक दाल-बाफल्याची. लोक हौसेने वाढदिवसाच्या दुपारी बाफले खातात आणि रात्री दोघांनाही भूक नसते. बाटी, म्हणजे कणकेचा गोळा, थेट भाजतात. बाफला आधी पाण्यात उकडतात, वर तरंगला की काढून भाजतात आणि मग तुपात बुडवतात. उकडल्यामुळे तो आत मऊ आणि भुसभुशीत राहतो, म्हणून तूपही जास्त पितो. सोबत डाळ, कढी, चटणी आणि लाडू. माणशी दोन बाफले पुष्कळ. वाढणारा आग्रह करेल, तेव्हा तिसऱ्याच्या आधी ताटावर आडवा हात धरा. हे जेवण पहिल्या दिवशी दुपारी घ्या, नंतर झोपा आणि रात्री सराफ्यात थोडंच चाखा. परतीच्या दिवशी तर नकोच, सेंधव्याजवळचा बिजासन घाट पोटातल्या तुपाला मानवत नाही.

प्रश्न : सराफ्यात दोघांनी काय, किती आणि कोणत्या क्रमाने खावं? मागच्या वेळी तिसऱ्या पदार्थालाच पोट भरलं.
– एक वाचक, नाशिक

तुम्ही बहुधा जलेब्यापासून सुरुवात केली असणार. जलेबा म्हणजे जिलबीची थोरली बहीण, एक नग दोघांनाही जड जातो. गोड शेवटी.

सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर खाण्याचे ठेले लागतात, म्हणून आठच्या आधी जाऊन उपयोग नाही. नऊला पोहोचा. शनिवारी दहानंतर पाय ठेवायला जागा नसते. दुपारचं जेवण हलकं ठेवा. प्रत्येक पदार्थाची एकच प्लेट घ्या आणि दोघांत खा.

आधी भुट्ट्याचा कीस. कोवळं कणीस किसून तुपात परततात, मग दुधात शिजवतात, वरून लिंबू, कोथिंबीर आणि खोबरं. कणीस जून असेल तर कीस दाताखाली रवाळ लागतो. पावसाळ्यात तो सगळ्यात चांगला मिळतो. मग दहीवडा किंवा खोपरा पॅटिस. पॅटिस म्हणजे बटाट्याच्या पारीत ओल्या खोबऱ्याचं सारण भरून तळलेला गोळा.

थंडीत गेलात तर गराडू चुकवू नका. हा कंद आधी तळून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा तळून जिरावन (इंदुरी चटपटा मसाला) आणि लिंबू मारून देतात. दुसरी तळणी तुमच्या समोर झाली पाहिजे. आधीच तळून ढीग केलेला गराडू गार झाला की चिवट होतो आणि तेलकट लागतो. मे महिन्यात कोणी ‘ताजा गराडू’ म्हणाला तर पुढे चला.

मग पंधरा मिनिटं थांबा. राजवाड्यासमोर येऊन बसा, परत जा आणि मालपुवा-रबडी किंवा जलेबा यांपैकी एकच निवडा. दोन्ही घेतले तर पुढच्या वर्षीही आम्हाला हेच पत्र लिहाल.

परतीची रिक्षा ॲपवर सराफ्याच्या गल्लीतून मागवू नका. गाडी आत येत नाही, चालक बाहेर घिरट्या घालतो आणि शेवटी फेरी रद्द करतो. राजवाड्यासमोर किंवा जवाहर मार्गावर चालत या आणि तिथे उभं राहूनच मागवा. पैसे मोबाइलवरून सगळीकडे घेतात, पण गर्दीत नेटवर्क अडकतं, म्हणून सुट्ट्या नोटा खिशात ठेवा.

प्रश्न : आमच्या तारखेला संकष्टी आहे. वाढदिवस उपाशीच जाणार का?
– एक वाचक, जळगाव

उलट संकष्टीला इंदुरासारखं गाव नाही. चंद्रोदय साधारण नऊच्या आसपास होतो आणि सराफाही त्याच सुमाराला रंगात येतो. दिवसा साबुदाण्याची खिचडी खा. इथली खिचडी आपल्यासारखी तुपात परतत नाहीत. साबुदाणा वाफवलेला असतो, त्यात बटाटा, मसाला, लिंबू आणि वरून कुरकुरीत फराळी मिक्स्चर. मसाल्यात तुमच्या उपासाला न चालणारं काही आहे का, ते मात्र आधी विचारा. सराफ्यात सगळं शाकाहारी असतं, ती काळजी नको.

प्रश्न : अनोळखी रेस्टॉरंट चांगलं आहे की नाही, हे घरी बसून कसं ओळखायचं? फोन केला तर कोणी धड बोलत नाही.
– एक वाचक, ठाणे

फोन रात्री आठला करत असाल, तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाला श्वास घ्यायला वेळ नसतो. दुपारी चारला करा. विचारायचं इतकंच : आमच्या तारखेला बंद आहात का, थाळी शेवटची किती वाजता वाढता, खालच्या मजल्यावर दोघांचं टेबल राखून ठेवाल का, कांदा-लसूण नसलेलं मिळेल का, बाहेरून आणलेला केक चालेल का आणि त्याचे वेगळे पैसे लागतात का. टेबल राखतो म्हणाले तर निघायच्या दिवशी सकाळी पुन्हा एक फोन करा. वहीत नाव लिहून घेणारा आणि त्या रात्री दारात उभा असणारा माणूस बहुधा वेगळा असतो.

परीक्षणं वाचताना तारे पाहू नका, ‘नवीन आधी’ लावून शेवटची वीस वाचा. आचारी बदलला की जुनी चारशे परीक्षणं कुचकामी ठरतात. मेनूकार्डाचा ताजा फोटो शोधा. दोनशे पदार्थांची यादी असेल तर त्यातले निम्मे एकाच लाल रश्श्यात बुडवलेले असतात.

प्रश्न : हॉटेलवाला न्याहारीसकट खोली देतो. घ्यावी का?
– एक वाचक, पुणे

नको. सकाळी सात ते दहा कोपऱ्यावरच्या ठेल्यावर पोहे-जिलबी खा. इथे पोहे कढईत परतत नाहीत. फोडणीचे पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेवर ठेवतात, त्यामुळे तासाभरानेही मऊ राहतात. बडीशेपेची चव, वर कच्चा कांदा, शेव आणि जिरावन. आपल्या कांदेपोह्यांशी तुलना करून भांडण काढू नका, निदान त्या दिवशी तरी. हॉटेलच्या झाकणाखाली तेच पोहे नऊनंतर लगदा होतात.

प्रश्न : होळीनंतर पाचव्या दिवशी आमचा वाढदिवस. काही अडचण?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

रंगपंचमी! त्या दिवशी राजवाड्यावर गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते. लाखो लोक, तोफांसारखे उडणारे रंग आणि त्या बाजूचे रस्ते बंद. बघायची असेल तर जुने कपडे घालून सकाळी लवकर जा. नसेल बघायची तर तुकोगंज-पलासिया सोडू नका. दुपारपर्यंत जुन्या शहरात रिक्षा मिळणार नाही, आणि मिळालीच तर आत बसलेल्यांचाही रंग बदलेल. आदल्या संध्याकाळी फळं आणि फरसाण खोलीवर आणून ठेवा. रेस्टॉरंट त्या दिवशी किती वाजता उघडतं, ते आठवडाभर आधी विचारा.

मेट्रोबद्दलही काहींनी विचारलं आहे. 31 मे 2025 ला ती गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर या टप्प्यात सुरू झाली. फेरफटका म्हणून बसा. जेवणाच्या वाटेवर ती तुम्हाला भेटणार नाही.