‘ट्रॅक्स २’ ऐकायची सुरुवात कुठून करावी

अमेरिकी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘ट्रॅक्स २ : द लॉस्ट अल्बम्स’ हा 2025 चा संच ऐकायचे तुम्ही ठरवले, याचा मनापासून आनंद झाला. 83 गाणी पाहून दडपून जाऊ नका. हे पूर्वी अप्रकाशित राहिलेले सात स्वतंत्र अल्बम आहेत आणि ते सलग एका बैठकीत किंवा उलटसुलट क्रमाने ऐकणे ही नवख्यांची नेहमीची चूक असते.

आधी त्याचेच जुने अल्बम, 1982 चा ‘नेब्रास्का’ आणि 1984 चा ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ नीट ऐका. मग संचातला ‘एल.ए. गॅरेज सेशन्स ’83’ लावा, म्हणजे घरगुती, एकाकी ध्वनिमुद्रणाकडून भरघोस रॉककडे जाणारी मधली वाट स्पष्ट ऐकू येईल. त्यानंतर ‘स्ट्रीट्स ऑफ फिलाडेल्फिया सेशन्स’ घ्या. यंत्रावरचा ताल फिरत राहतो आणि त्यावर आवाज अगदी दबका, कानाजवळ बोलल्यासारखा येतो. माझ्या मते संचातला सर्वांत मोलाचा ऐवज हाच.

नऊ विनाइल तबकड्यांच्या महागड्या संचाची घाई नको. 20 निवडक गाण्यांची ‘लॉस्ट अँड फाउंड’ ही सीडी चाचपणीला पुरेशी आहे.