तिसरीतला मुलगा नऊला अंथरुणात जातो, पण अकराशिवाय झोपत नाही. काय करावं?

आधी नऊचा हट्ट सोडा. ऐकायला उलटं वाटेल, पण रोज अकराला झोपणाऱ्या मुलाचं शरीर त्याआधीचे दोन-तीन तास सगळ्यात तरतरीत असतं. नेमकं तेव्हाच तुम्ही दिवे घालवता. मग तो लोळतो, भिंतीला पाय लावून बसतो, तुम्ही रागावता, आणि हळूहळू अंथरूण म्हणजे कटकट हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

चार-पाच रात्री तो खरा किती वाजता झोपतो ते लिहून ठेवा. समजा, पावणेअकरा. मग तीन-चार दिवस त्याला पावणेअकरालाच आडवं करा, त्याआधी नाही. सकाळी मात्र साडेसहा म्हणजे साडेसहा. पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागू लागला की वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणा, पुन्हा तीन-चार दिवस थांबा. सव्वानऊपर्यंत यायला साधारण तीन आठवडे लागतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, त्यामुळे सव्वानऊपर्यंत येण्याआधीच थांबू नका. सुरुवातीचे दिवस तो पेंगेल, चिडचिड करेल. दुपारी अगदीच राहवलं नाही तर चारच्या आत वीस मिनिटं झोपू द्या, जास्त नाही.

हे फसतं ते रविवारी. ‘झोपू दे बिचाऱ्याला’ म्हणत साडेनऊपर्यंत झोपू दिलं की सोमवारी गाडी पुन्हा अकरावर. सुट्टीलाही फार तर तासाभराचा फरक ठेवा. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं गॅलरीत किंवा अंगणात काढायला लावा. दात तिथेच घासू दे. ढगाळ पावसाळ्यातही बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि शरीराचं घड्याळ त्यावरच लागतं.

संध्याकाळी याच्या उलट. झोपेआधी तासभर ट्यूब बंद, एखादा पिवळा मंद दिवा पुरे. झोप आणणारं मेलॅटोनिन मुलांमध्ये उजेडाने मोठ्यांपेक्षा जास्त दबतं. वन रूम किचनमध्ये मालिका चालू असेल तर निदान त्याची पाठ टीव्हीकडे येईल अशी गादी घाला आणि आवाज कमी करा. मोबाइल दुसऱ्या खोलीत, नाहीतर कपाटात. बाबा उशिरा घरी येत असतील तर आल्याआल्या दंगामस्ती नको, ती सकाळी करा. जेवण दोन तास आधी उरकलेलं बरं. चहा, कॉफी, कोला चारनंतर बंद. पाच-सहा तासांनीही त्यातलं निम्मं कॅफीन अंगात असतं. ‘अर्धा कपच घेतो’ म्हणणाऱ्या आजीलाही हे सांगावं लागतं.

आता ‘पाणी पाहिजे, शू आली, उद्या चित्रकलेची वही न्यायचीय’ हा कार्यक्रम. दप्तर जेवणाआधी भरून घ्या, म्हणजे तिसरं कारण जातं. उरलेल्यांसाठी पुठ्ठ्याचं एक कार्ड करा आणि रोज उशाशी ठेवा. ते देऊन एकदाच अंथरुणातून उठता येतं, मग कार्ड तुमच्याकडे जमा. त्यानंतर उठला तर वाद न घालता, व्याख्यान न देता परत गादीवर. कार्ड न वापरता झोपला तर सकाळी आवडीचं काहीतरी छोटंसं मिळेल असं ठरवा. पहिले दोन दिवस तो तुम्हाला नक्की आजमावून बघेल.

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा राज्य सरकारचा फेब्रुवारी २०२४ चा निर्णय आहे. शाळा महाराष्ट्रात असून सातला भरत असेल तर पालकसभेत विचारायला हरकत नाही.

काही गोष्टींवर मात्र वेळापत्रकाचा उपाय चालत नाही. रोज घोरणं, तोंड उघडं ठेवून झोपणं, मध्येच श्वास अडकल्यासारखा होणं: टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात, कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. रात्री पाय वळवळतात, चोळून मागतो: बालरोगतज्ज्ञांना सांगून लोह तपासा. गुदद्वारापाशी खाज सुटून उठतो: बहुतेक जंत, आणि औषध डॉक्टरांना विचारून घरात सगळ्यांनाच घ्यावं लागू शकतं. मेलॅटोनिनच्या गोळ्या किंवा गुंगी आणणारं सर्दीचं सिरप स्वतःच्या मनाने देऊ नका.