कॉब्लरचा चिखल का होतो?

प्रश्न : ताई, जाऊबाईंनी अमेरिकेहून येताना त्यांचा जुना स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) माझ्यासाठी आणला, कन्व्हर्टर लावूनच वापरते. परवा वाईच्या बाजारातनं किलोभर स्ट्रॉबेरी आणली आणि कॉब्लर केला, खाली फळं, वर पीठ, हायवर म्हणजे मोठ्या आचेच्या बटणावर दोन तास. मधेमधे झाकण काढून बघत होते. शेवटी काय, खाली सार आणि वर पांढरी लापशी! पोरं म्हणाली आई ही आंबील का? काय चुकलं?
– एक वाचक, वाई

उत्तर : वहिनी, कन्व्हर्टर लावलात ते लई बेस केलंत. मी माझा पहिला कुकर थेट आपल्या २३० व्होल्टच्या पॉइंटला लावला होता, तिकडचा तो १२० चा, म्हणजे व्होल्टेज दुप्पट पण उष्णता जवळजवळ चौपट, पाच मिनिटांत जळका वास आला आणि कुकर कायमचा थंड.

आता तुमची लापशी. ओव्हनमधे वाफ निघून जाते, स्लो कुकरमधे ती कुठं जाणार, झाकणाला लागते आणि थेंब थेंब परत पिठावरच पडते. ढोकळा वाफवताना झाकणाला फडकं बांधतो ना आपण, तेच इथं करायचं. सुती पंचा झाकणाखाली ताणून बसवा आणि चारी टोकं वर घेऊन मुठीला गाठ मारा, टोकं गरम भांड्यावर लोंबकळू देऊ नका. एवढ्यानंच निम्मं काम होतं. आणि झाकण उघडायचं नाही! एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरायला वीसेक मिनिटं जातात, तुम्ही चारदा बघितलं असेल तर तुमचे दोन तास दोन तास राहिलेच नाहीत.

दुसरं म्हणजे स्ट्रॉबेरीच पाणीदार. आधी धुवा, पुसा आणि मग देठ काढा, उलटं केलं की फळ आतून पाणी पितं. फार पिकलेली जॅमला ठेवा. पाऊण किलो फळाला अर्धा कप साखर, तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, चमचाभर लिंबाचा रस, सगळं भांड्यातच कालवा, भांड्याला आतनं लोणी फासलेलं असू द्या. वरच्यासाठी दीड कप मैदा, दीड चमचा बेकिंग पावडर, पाव कप साखर, चिमूट मीठ, त्यात ७५ ग्रॅम गार लोणी बोटांनी चोळा, रव्यासारखं झालं की दूध बेताबेतानं. भज्यांपेक्षा घट्ट हवं, चमच्यातनं ओघळायला नको, ढकलल्यावर पडलं पाहिजे. असे गोळे फळांवर सोडा, मधे फटी राहिल्या तर राहू द्या. हायवर दोन ते अडीच तास, मग मधल्या गोळ्यात सुरी घालून बघा, कोरडी आली की बंद करा आणि फडकं काढून अर्धा तास तसंच ठेवा, रस आळतो.

रंगाचं म्हणाल तर तो येणारच नाही. खरपूस व्हायला १४० डिग्रीच्या पुढं जावं लागतं, हा बिचारा शंभराच्या आसपासच. मी वरून गुळाची पावडर आणि दालचिनी भुरभुरवते, पोरांना तेवढं पुरतं. सोबत व्हॅनिला आइस्क्रीम असेल तर रंगाकडं बघतंय कोण!

प्रश्न : आमच्याकडं द्राक्षं ढिगानं, त्यांचा होईल का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : नुसत्या द्राक्षांचा नको, फार पाणी सुटतं. निम्मी द्राक्षं चिरून, निम्मी सफरचंदं आणि वर मूठभर बेदाणे घाला. तासगावात राहून बेदाणे विकत आणावे लागणार नाहीत बहुतेक! ते रस पिऊन टम्म फुगतात, त्यामुळं कॉर्नफ्लोअर दोनच चमचे लागतं. साखर मात्र पाव कपच घ्या, बेदाणे आधीच गोड असतात. बाकी वेळ तोच, आणि फडकं विसरू नका.