न पाहिलेल्यावर खूण नको

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. गोदामात पाऊल न टाकताच साठ्याच्या तक्त्यावर ‘तपासले’ असे लिही, असे सीनियरने सांगितले आणि तू ते लिहिलेस. तेव्हापासून सीएचा हा अभ्यास आपण पॅकेजसाठी करतो आहोत की कामाच्या ओढीने, हेच तुला कळेनासे झाले आहे. हा शोध तूर्त बाजूला ठेव. चांगल्या पगाराची इच्छा धरण्यात काहीही गैर नाही. मात्र जे पाहिले नाही, त्यावर खूण करायची नाही.

आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएच्या उमेदवारीच्या, दुसऱ्या वर्षी मी साखरेच्या गोदामात थप्प्या मोजायला गेलो होतो. दर्शनी पोत्यांची रांग आणि उंची मोजली, गुणाकार केला, हिरव्या पेन्सिलीने टिक केली आणि शेवटची एसटी गाठली. थप्पीवर चढून पाहिले नाही. चार महिन्यांनी बँकेने गोदामाचा ताबा घेतला, तेव्हा थप्प्या आतून पोकळ निघाल्या. अहवालावर सही आमच्या साहेबांची असल्यामुळे जाबही त्यांनाच द्यावा लागला. मला कोणी एका शब्दाने विचारले नाही, आणि तेच मला आजही सोसवत नाही.

सत्यम कॉम्प्युटर्स या सॉफ्टवेअर कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदातल्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. शिलकीची खातरजमा कंपनीच्या हातून न घेता थेट बँकेकडून करून घ्यावी, हे तू परीक्षेत पानभर लिहितोस. मग तक्त्यावर तो एक शब्द लिहिताना हात कसा अडला नाही?

पुढे मी दोन मोठी ऑडिट सोडली, कारण कागद न दाखवता सही मागितली जात होती. घरात बरीच ओढाताण झाली, आणि मला हटवादी म्हणणारे नातेवाईक आजही आहेत. परंतु तेव्हा सही केली असती, तर आज तुला हे लिहिण्याचा अधिकार मला उरला नसता, म्हणून मी चुकलो असे मी कधीही म्हणणार नाही. न पाहिलेल्यावर खूण नाही म्हणजे नाही.

उद्या तो तक्ता मागून घे. व्हाइटनर लावू नकोस. जुना शब्द वाचता येईल अशी एकच रेघ मार, शेजारी ‘मोजणीस हजर नव्हतो’ असे लिही, सही आणि तारीख घाल. सीनियर रागावले तर रात्री मला फोन कर, मी जागाच असेन.

तुझा,
काका