एचडीएल वाढवण्यासाठी वाइन घ्यावी का?

प्रश्न : माझे वय ५२ असून मला काही वर्षांपासून मधुमेह आहे. नुकत्याच केलेल्या लिपिड प्रोफाइलमध्ये (रक्तातील चरबीच्या तपासणीत) एकूण कोलेस्टेरॉल १८२, एलडीएल म्हणजे ‘वाईट कोलेस्टेरॉल’ ९८, एचडीएल म्हणजे ‘चांगले कोलेस्टेरॉल’ ३६ आणि ट्रायग्लिसराइड ही चरबी २४० आली. एलडीएल शंभराच्या आत असल्यामुळे काळजीचे कारण नाही, फक्त ‘चांगले कोलेस्टेरॉल’ वाढवा, असे घरचे म्हणतात. नाशिकला चांगली वाइन सहज मिळते. रोज रात्री एक ग्लास रेड वाइन घेतली की एचडीएल वाढते, असे मित्रांचे सांगणे आहे. हे योग्य आहे का?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : मद्याने एचडीएलचा आकडा थोडाफार वाढतो, हे खरे आहे. मात्र तो आकडा वाढल्याने हृदयविकार टळतो, ही समजूत संशोधनात टिकलेली नाही. शिवाय तुमचे ट्रायग्लिसराइड २४०, म्हणजे आधीच जास्त असताना वाइन सुरू करणे मला सरळ अयोग्य वाटते.

या समजुतीचा उगम समजण्यासारखा आहे. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या रहिवाशांच्या दीर्घकालीन अभ्यासातून, एचडीएल कमी असलेल्यांमध्ये हृदयविकार अधिक आढळतो, हे १९७७ मध्ये पुढे आले. मग एचडीएल वाढवणारी औषधे शोधली गेली. त्यांपैकी टॉर्सेट्रॅपिब या औषधाने एचडीएल पुष्कळ वाढले, पण सुमारे १५ हजार रुग्णांवरील चाचणीत औषध घेणाऱ्यांमध्येच मृत्यू अधिक झाल्याने डिसेंबर २००६ मध्ये ती थांबवावी लागली. त्या औषधाने रक्तदाबही वाढत होता, त्यामुळे दोष औषधाचा की कल्पनेचा, हा प्रश्न तेव्हा उरला. पुढे २०१२ मध्ये, जन्मतःच विशिष्ट जनुकीय बदलामुळे एचडीएल जास्त असलेल्या लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यांनाही हृदयविकाराचा झटका कमी येतो असे दिसले नाही.

मग एचडीएल कमी असणे कशाचे लक्षण आहे? तुमच्याबाबतीत त्याचे उत्तर बहुधा ट्रायग्लिसराइडमध्येच आहे. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड रक्तातून एचडीएल, एलडीएल, व्हीएलडीएल अशा सूक्ष्म कणांतून वाहून नेले जातात. मधुमेहात इन्शुलिनला शरीराचा प्रतिसाद मंदावला की यकृत ट्रायग्लिसराइडने भरलेले व्हीएलडीएल कण अधिक प्रमाणात रक्तात सोडते. सीईटीपी नावाचे प्रथिन या कणांतील ट्रायग्लिसराइड एचडीएलमध्ये नेते आणि एचडीएलमधील कोलेस्टेरॉल त्यांच्याकडे आणते. असे बदललेले एचडीएल कण लहान होऊन शरीरातून लवकर नाहीसे होतात. याच देवाणघेवाणीमुळे एलडीएलचे कणही लहान व दाट होतात. म्हणजे प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल कमी, पण कणांची संख्या जास्त, अशी स्थिती येते आणि ९८ हा आकडा दिलासा देत राहतो. रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून साचतात ते कण, म्हणून त्यांची संख्या महत्त्वाची.

ती संख्या ॲपोबी या प्रथिनाच्या रक्ततपासणीतून कळते, कारण एलडीएल, व्हीएलडीएल यांसारख्या घातक कणांपैकी प्रत्येकावर या प्रथिनाचा एकच रेणू असतो. ही तपासणी लगेच शक्य नसेल, तर एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. तुमचे १८२ वजा ३६ म्हणजे १४६ होतात. मधुमेह असलेल्यांसाठी हा आकडा निदान १३० च्या खाली असावा, असे साधारणपणे मानले जाते. म्हणून ‘काळजीचे कारण नाही’ या घरच्यांच्या मताशी मी सहमत नाही.

यकृतात मद्याचे विघटन होताना चरबीची निर्मिती वाढते आणि व्हीएलडीएलही वाढते. त्या दृष्टीने रेड, व्हाइट असा फरक फारसा उरत नाही. त्याऐवजी साखर, मैदा, फरसाण आणि रात्रीचा भात कमी करणे, पोटाचा घेर उतरवणे आणि रोज भरभर चालणे यांनी ट्रायग्लिसराइड खरोखर खाली येते. रक्तातील साखर आटोक्यात आली की त्यातही मदत होते. ४० ते ७५ या वयातील मधुमेहींना एलडीएल फार वाढलेले नसतानाही बहुधा स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध सुचवले जाते. तुम्ही ते घेत नसाल, तर हा अहवाल घेऊन तुमच्या डॉक्टरांना त्याबद्दल अवश्य विचारा, आणि थायरॉइडची तपासणी झालेली नसेल तर तीही करून घ्या, कारण थायरॉइडची कमतरताही हे आकडे बिघडवते.