मगरीचं अर्धं नाणं

प्रश्न: माझे मेहुणे जहाजावर कामाला आहेत. त्यांनी फ्रान्समधल्या नीम शहरातून रोमन नाणं आणलं, पण चक्क अर्धं! एका बाजूला एकच चेहरा, मागं मगरीची शेपटी. घरचे म्हणतात, दुकानदारानं त्यांना टोपी घातली. शिवाय ते काळंहिरवं पडलंय. भिंडाच्या (कोकमाच्या) सोलांनी घासू का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: आधी शेवटचं. घासू नका! सोलं समईला लावा. तो हिरवा थर गेला की नाण्याचा जीव गेला. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात असली घासूनपुसून चकचकीत केलेली नाणी पाहिली की मला वाईट वाटतं.

आता मेहुण्यांची बाजू घेतो. वर्णनावरून नाणं नीमच्याच टांकसाळीचं दिसतं. गावाचं तेव्हाचं नाव नेमाउसुस. अख्ख्या नाण्यावर दोन डोकी असतात, पाठीला पाठ लावून: सम्राट ऑगस्टस आणि त्याचा सेनापती व जावई आग्रिप्पा. तुमच्या वाट्याला कोण आलाय ते मुकुटावरून ओळखा. मुकुटावर जहाजाच्या नाळेचं, म्हणजे पुढच्या भागाचं, टोक दिसलं तर आग्रिप्पा, इ.स.पू. ३६ मधल्या आरमारी विजयाचा तो मान. मगर म्हणजे इ.स.पू. ३० मध्ये जिंकलेला इजिप्त, खजुराच्या फांदीला साखळीनं जखडलेला. नीमच्या नगरचिन्हावर मगर आणि खजूर आजही आहेत.

अर्धं का, ते ऐका. सोन्याचांदीवर रोमची करडी नजर, पण सुटे पैसे पाडायचं काम बरंचसं गावोगावच्या टांकसाळींवर सोडलेलं. आपल्याकडे पोर्तुगीज अमलात गोवा, दीव, वसई यांची बझारुकं, म्हणजे सुटी नाणी, निराळी, तसंच. स्पेनमधल्या झारागोझानं तर आपल्या नाण्यावर बैलजोडीनं गावाची शीव नांगरणारा पुरोहित घातला होता. एवढं असूनही चिल्लर पुरेना. मग नाण्यावर छिन्नी ठेवायची आणि हाणायचा घाव: अर्ध्या तुकड्याला अर्धं मोल. ऱ्हाईनकाठच्या रोमन छावण्यांत नीमची अशी अर्धी नाणी सापडलेली आहेत. सैनिकांना दारूपाण्याला सुटे लागणारच की!

टोपी घातली की नाही, ते कापलेल्या कडेवर पाहा. तिथंही चेहऱ्यावर आहे तसाच जुना थर असेल तर घाव त्या काळचा असण्याची शक्यता बरीच. कड पिवळी, लखलखीत असेल तर कुणीतरी हल्लीच करवत चालवलीय. कडेचा फोटो उजेडात काढून पाठवा.