मेंदूची लय: दहा हजार न्यूरॉन की तीन समीकरणं?

प्रश्न फोंड्याच्या एका विद्यार्थ्याचा आहे. गोवा विद्यापीठात एम.एस्सी. गणिताच्या प्रकल्पासाठी त्यांनी मेंदूतल्या लयी हा विषय घेतलाय. न्यूरॉनचा, म्हणजे मेंदूतल्या चेतापेशीचा, विद्युत ठोका सांगणारी हॉजकिन-हक्सलीची (१९५२) चार समीकरणं प्रत्येक न्यूरॉनला लावून लॅपटॉपवर दहा हजार न्यूरॉन चालवावेत का, असं ते विचारतात.

एवढ्यात नको. चाळीस हजार समीकरणं लॅपटॉप सोडवेल हो, पण लय आली कशामुळे ते तुम्हाला सांगता येणार नाही, आणि तोंडी परीक्षेत नेमकं तेच विचारतील.

डोळे मिटल्यावर ईईजीमध्ये, म्हणजे डोक्यावरून टिपलेल्या मेंदूच्या विद्युत आलेखात, ८ ते १३ हर्ट्झची अल्फा लय दिसते. ती दिसते कारण असंख्य न्यूरॉनांचे प्रवाह एकाच वेळी चढतात-उतरतात. एरवी ते एकमेकांना खोडून टाकतात. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरतीत दहा घुमटं, म्हणजे मातीची चर्मवाद्यं, एका ठेक्यात वाजतात. तीच दहा आपापल्या वेळी वाजवली तर थापा तेवढ्याच पडतील, पण नुसता गलका होईल. थापा किती पडतात आणि किती एकत्र पडतात, या दोन वेगळ्या राशी आहेत. तुमचा अख्खा प्रकल्प या फरकावर उभा राहू शकतो.

सुरुवात विल्सन-कोवान (१९७२) मॉडेलपासून करा. एक उत्तेजक समूह, एक निरोधक समूह, दोन समीकरणं. उत्तेजक समूह स्वतःला चढवतो, निरोधकालाही जागं करतो, निरोधक त्याला दाबतो, दाब ओसरला की पुन्हा चढण. हॉफ बायफर्केशन, म्हणजे स्थिर अवस्था मोडून दोलन सुरू होण्याचा बिंदू, कागदावर काढता येतं. सुंदर मॉडेल आहे, पण ते मोजतं फक्त पहिली राशी.

उणीव बघायची तर फक्त निरोधक समूह घ्या. एक समीकरण फायरिंग रेटचं (समूह किती वेगाने ठोके देतो त्याचं), एक सिनॅप्सचं (न्यूरॉनांमधल्या जोडणीचं). डायव्हर्जन्स (समीकरणांचा प्रवाह पसरतो की आकसतो याचं माप) सगळीकडे ऋण येतो, म्हणून बेंडिक्सनच्या निकषाने आवर्तन अशक्य. वेगळा विलंब घातल्याशिवाय लय येतच नाही. आणि खऱ्या स्पाइक (क्षणिक विद्युत ठोके) देणाऱ्या न्यूरॉनांचं तसंच जाळं चालवा: न्यूरॉनांमध्ये फार फरक नसेल तर तिथे जलद लय उमटते! मला हा विषयातला सगळ्यात मोलाचा धडा वाटतो.

वाट दाखवली मोंत्ब्रिओ, पाझो आणि रॉक्सिन यांनी, २०१५ साली. क्वाड्रॅटिक इंटिग्रेट-अँड-फायर न्यूरॉन (व्होल्टेजच्या वर्गावर चालणारं, एका समीकरणाचं साधं मॉडेल) घेतले, प्रत्येकाचा मूळ प्रवाह लोरेंट्झियन या लांब शेपट्यांच्या वितरणातून दिला, आणि अनंत न्यूरॉनांच्या मर्यादेत सगळा समूह दोन समीकरणांत बसला: फायरिंग रेट आणि सरासरी व्होल्टेज. यात काही अंदाजपंचे सोडून दिलेलं नाही. या दोन राशींवरून कुरामोतोचा ऑर्डर पॅरामीटर, म्हणजे किती एकत्र वाजतंय ते, थेट काढता येतो. तत्काळ सिनॅप्स असेल तर स्थिर बिंदूवर सरासरी व्होल्टेज ऋणच राहतं, त्यामुळे दोलनं विरतात. सिनॅप्सचं तिसरं समीकरण जोडलं की हॉफ सापडतं.

आता तुमचे दहा हजार न्यूरॉन काढा, पण क्वाड्रॅटिक. लोरेंट्झियनचे आकडे रँडम काढू नका. शेपट्या लांब असल्याने दर वेळी निकाल हलतो. वितरणाचे समान वाटे पाडून टॅन फलनाने ठरावीक आकडे घ्या. निरोधाचा जोर वाढवत न्या आणि लय सुरू होण्याचा बिंदू तीन समीकरणांतल्या बिंदूशी जुळतो का ते एकाच आलेखावर दाखवा. आलेख इथे टाकलात तर नक्की बघेन.